उतार धरायचा राहिला

लुविरी माध्यमिक शाळा
३ मार्च २०१४

गोमे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे फोडणार नाहीस, असं धरूनच लिहायला बसलेय. आधीची तीन पत्रं जशीच्या तशी परत आली. वर तुरुंगाचा शिक्का, खाली तुझ्या हातचं 'नको'. म्हणून हे आईजवळ देतेय. तिच्या हातचं तू परत करणार नाहीस. वाचायचं नसेल तर नुसतं जवळ ठेव.

आई बरी आहे, गुडघे सोडले तर. दर शनिवारी तुला भेटून येते आणि डोक्यावरचं फडकं सोडता सोडता मला सांगते, "खाल्लं त्यानं." मी विचारते, "माझं काही विचारलं?" ती म्हणते, "शेंगदाणे खारट झाले होते म्हणाला." शेंगदाणे मी भाजलेले असतात, हे तुला माहीत आहे की नाही, कोण जाणे.

शाळेचं म्हणशील तर चौथ्या फॉर्मला, म्हणजे शाळेच्या शेवटच्या वर्गाला, यंदा एकोणसाठ मुलं आहेत आणि बाकं बावीस. मी उपमुख्याध्यापिका झालेय, गेल्या वर्षीच्या जानेवारीपासून. आईने सांगितलं असेल किंवा मुद्दाम सांगितलं नसेल. काम वाढलंय, पण पदार्थविज्ञानाचा तास मी सोडलेला नाही. सध्या टकरी चालू आहेत. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, हे मुलं घडाघडा म्हणतात. परवा एकाने विचारलं, "मॅडम, बोकडाची धडक बसल्यावर संवेग माझा वाढतो की बोकडाचा कमी होतो?" वर्ग हसला, मीही हसले. प्रश्न चांगला होता.

तुला एक विचारायचं आहे. कांडेवे घाटातलं शेवटचं वळण घेऊन तू पुलाकडे उतरायला लागलास, तेव्हा ट्रक कितव्या गिअरमध्ये होता? आणि ब्रेक दाबल्यावर तो सरळ घसरला, की एका बाजूला ओढला गेला?

वर्गासाठी हवंय. आईजवळ सांगितलंस तरी चालेल.

एग्रिटा


२४ मार्च २०१४

गोमे,

आईने तुझं उत्तर आणलं नाही. "पत्र घेतलं त्यानं, उशाशी ठेवलं, उघडलं नाही," म्हणाली. उशाशी ठेवलं, यावर मी दोन आठवडे काढले.

वर्गासाठी हवंय, हे खोटं होतं. आता क्रमाने लिहिते. तुला सगळं ठाऊक आहे, पण क्रम सोडला की मी पळवाट काढते.

१४ जून २०१२. तू कोळ्यांसाठी बर्फ घेऊन सरोवरावर निघाला होतास. सात टनांचा ट्रक. घाटातल्या मुरमाच्या रस्त्यावर शेवटच्या वळणानंतर झेब्रोन हरावा सायकलवर उसाची मोळी बांधून, सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडत होते. तू ब्रेक दाबलास. टायर घासत गेल्याची खूण छत्तीस मीटर लांब उमटली. चोविसाव्या मीटरला सायकलला धडक बसली होती. हरावा जागच्या जागी गेले.

रस्त्याला साठची मर्यादा होती. तू पोलिसांना सांगितलंस की काटा साठच्या खाली होता. ते सगळेच सांगतात. म्हणून निरीक्षक शाळेत आला. "मॅडम, खुणेवरून वेग काढायची गणितं तुम्हीच शिकवता ना?"

मी म्हटलं, "ट्रक चालवणारा माझा भाऊ आहे."

तो म्हणाला, "मग तर उत्तमच. आकडा त्याच्या विरुद्ध गेला, तर तुमच्यावर कोण बोट ठेवेल?"

"आणि बाजूने गेला तर?"

"तर दुसरं कुणी शोधू," असं म्हणून तो हसला. त्याच्या हसण्यावर मी तेव्हाच विचार करायला हवा होता.

मी रस्त्याची पकड मोजली. तुझ्या ट्रकच्या टायरचा तुकडा घेतला, त्यावर दगड ठेवले, ताणकाटा लावून शाळेपुढच्या मुरमावर ओढला. जेवढं वजन, त्याच्या निम्मा जोर लागला. मग छत्तीस मीटरची खूण घेतली आणि हिशेब मांडला. ताशी अडुसष्ट किलोमीटर. हे मी साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून सांगितलं. तू माझ्या मागे बसला होतास. मी वळून पाहिलं नाही. न्यायाधीश म्हणाले, भावाविरुद्ध खरं बोलायला छाती लागते. तुला चार वर्षं झाली.

आता फेब्रुवारीतली गोष्ट. फळ्यावर मी गणित घातलं होतं. उतारावरून खोकं घसरतंय, किती अंतरावर थांबेल? तास संपल्यावर एक मुलगी वही घेऊन टेबलाशी आली. लुसुंगु हरावा. हो, त्यांचीच. तीन बहिणींतली मोठी. तिला मी वर्गात कधी प्रश्न विचारत नसे. ती पण माझ्याकडे कधी पाहत नसे, फक्त फळ्याकडे पाहायची.

"मॅडम, तुम्ही कोर्टात सांगितलं, तेव्हा मी मागे बसले होते. आकडे मी लिहून घेतले होते."

"बरं."

"छत्तीस मीटर. पकड अर्धी. गुरुत्वाकर्षणाचे दहा. त्यातून अडुसष्ट येतात. मी करून पाहिलं, बरोबर येतात."

"मग?"

"पण रस्ता सपाट असेल तरच येतात."

तिने वही उलटी करून माझ्यापुढे सरकवली.

"तुम्ही टायर शाळेपुढे ओढलात. इथे सपाट आहे. कांडेवेला उतार आहे, मॅडम. उतारावर ट्रकचं वजनच ट्रकला पुढे ढकलतं. म्हणजे तेवढीच लांब खूण उमटायला वेग कमी असला तरी पुरतो. उतार किती ते मला नेमकं माहीत नाही, पण मी सातास एक धरला. सत्तावन्न येतात. साठच्या आत."

मी वही पाहिली. चूक काढायला म्हणून पाहिली, गोमे. ओळ न् ओळ पाहिली. चूक नव्हती.

"तू हे मला का सांगतेयस?" मी विचारलं. आवाज शिक्षकाचा लावायला गेले, तो लागला नाही. "त्या माणसाने तुझ्या वडिलांना..."

"दीड वर्ष मी त्यांचा राग करतेय," ती म्हणाली. "रोज सकाळी उठले की पहिला तोच. अडुसष्टने आला, असं म्हणत म्हणत मी वेणी घालते. तो आकडाच चुकला असेल, तर मी एवढं काय धरून बसलेय?"

वही उचलून ती गेली. दाराशी थांबून म्हणाली, "तुम्ही पुन्हा करून बघा. माझं चुकलंही असेल."

तिला माहीत होतं, चुकलेलं नाही.

एग्रिटा


१४ एप्रिल २०१४

गोमे,

मागच्या पत्रात मी असं लिहिलं की जणू त्या मुलीने वही दाखवली, तेव्हाच मला कळलं. तसं नाही. ते पत्र आईबरोबर पाठवल्यावर मला जेवण गेलं नाही. आईने ताट पाहिलं आणि म्हणाली, "काय लपवतेस ते लपव, पण कोंडोवोले टाकू नकोस. कसाव्याचं पीठ झाडावर लागत नाही."

तर ऐक.

सपाटीवर मोजलं आणि उतार विसरले, ही झाली पहिली चूक. ती कुणाकडूनही होईल. पण मी त्या दिवशी स्वतः घाटात गेले होते. पोलिसांनी आखलेली खूण पुन्हा मोजायला. फीत हातात धरून वरून पुलापर्यंत चालत गेले आणि परत वर आले. वर येताना मला धाप लागली. मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसले, सँडल काढले, रुमालाने मान पुसली. निरीक्षक म्हणाला, "वय झालं, मॅडम." मी म्हटलं, "चढ आहे हो." हे मी माझ्या तोंडाने म्हटलं. आणि घरी येऊन कागदावर लिहिलं: रस्ता, सपाट मुरूम.

असं का झालं, याचा मी बराच विचार केलाय. आपल्या घरात लहानपणापासून ठरलेलं होतं. मी विचार करणारी आणि तू घाई करणारा. मडकं फुटलं की तू फोडलं असणार. शेळी सुटली की तू दार लावलं नसणार. फुटलेली किती मडकी माझ्या हातची होती, ते तुला आज सांगून काय उपयोग? निरीक्षक शाळेत आला, तेव्हाच माझ्या मनात उत्तर लिहून झालं होतं. हिशेब नंतर केला. अडुसष्ट आले आणि मला वाटलं, बघ, म्हटलं नव्हतं. मुलांना मी रोज सांगते की उत्तर मनासारखं आलं तर दोनदा तपासा. मी एकदाही तपासलं नाही.

पण खरं लिहायचंय ते पुढे आहे.

गेल्या वर्षी मार्चमध्ये मी सराव परीक्षेचे पेपर तपासत होते. प्रश्न होता उतारावर ब्रेक लावलेल्या बसचा. एका मुलाचं उत्तर वाचता वाचता माझं पेन थांबलं. मी पेपर उलटा करून कोऱ्या बाजूला आकडे मांडले. छत्तीस. अर्धी. उतार अंदाजे. सत्तावन्न, अठ्ठावन्न. पुन्हा मांडले. तेच.

तू आत जाऊन पाच महिने झाले होते. मला उपमुख्याध्यापिका होऊन दोन.

मी स्वतःशी म्हटलं, उतार अंदाजेच धरलाय, खरा किती कोण जाणे. म्हटलं, आता निकाल लागून गेला. म्हटलं, माणूस तर मेलाच ना. दुसऱ्या कागदावर त्या मुलाचे गुण उतरवून घेतले आणि तो पेपर चुलीत टाकला. हरवला म्हणून सांगितलं. मग उरलेले एकतीस पेपर तपासले, आणि नीट तपासले, एक गुण इकडचा तिकडे होऊ दिला नाही.

त्या दिवसापासून लुसुंगु वही घेऊन आली त्या दिवसापर्यंत अकरा महिने. ते अकरा महिने तू कसे काढलेस ते मला माहीत नाही. मी शेंगदाणे भाजत होते.

आता कुणी जबरदस्ती केल्यामुळे हे लिहितेय, असं तुला वाटेल. खरं आहे. ती मुलगी आली नसती, तर मी लिहिलं असतं असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

एग्रिटा


११ जून २०१४

गोमे,

हे पत्र तुला आत मिळेल की तू आधीच बाहेर असशील, माहीत नाही. काल काय झालं ते मला लिहून काढायचंय, कारण तुला तिथे आणलं नव्हतं.

एप्रिलच्या शेवटी मी आणि लुसुंगु घाटात गेलो. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी नेली होती, पाणी भरलेली. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. अंदाजाला जागाच ठेवायची नाही, असं तिचं म्हणणं. जिथून खूण सुरू झाली, तिथून पुलापर्यंत आम्ही सहा ठिकाणी मोजलं. दर सात मीटरला एक मीटर खाली, जवळजवळ सगळीकडे. चोविसाव्या मीटरला ती थांबली नाही. नळीतलं पाणी वाचलं, आकडा सांगितला, पुढे गेली. मीच थांबले.

कायदेशीर मदत देणाऱ्या कार्यालयात एक तरुण वकील आहे, म्सुकुमा नावाचा. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, हे बोलल्यावर तुमची नोकरी राहील का?"

"मला माहीत नाही."

"नाही, म्हणजे मी लिहून ठेवतो की मी विचारलं होतं," तो म्हणाला.

अर्ज गेला, ही बातमी गावात एका दिवसात पोचली. हरावांची बायको शाळेत आली. मधली सुट्टी होती. मुलं पटांगणात, शिक्षक व्हरांड्यात. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तेव्हा म्हणालात जोरात आला. आता म्हणता हळू आला. मग माझा माणूस कशाने मेला, तेही सांगा. आपणहून पडला?"

"ट्रकने मेले," मी म्हटलं. "त्यात काही बदललं नाही."

"मग बदललं काय?"

"मी कोर्टात खोटं सांगितलं होतं, ते बदललं."

ती मुलीकडे वळली. लुसुंगु वर्गाच्या दाराशी उभी होती. "आणि तू? तू कुणाची गं?"

"तुझीच," लुसुंगु म्हणाली. तिची आई आली तशी निघून गेली. मुलगी तासाला येऊन बसली आणि तो सबंध तास मी काय शिकवलं, ते मला आठवत नाही.

काल न्यायालयात सरकारी वकिलाने मला पाऊण तास धुतलं. तो चुकीचं काही बोलला नाही.

"तेव्हाही तुम्ही शपथेवर होतात?"

"हो."

"तेव्हाही गणितावर तुमचा विश्वास होता?"

"हो."

"मग आजचं बरोबर कशावरून?"

मी म्हटलं, "तेव्हा मी सपाटीवर मोजलं आणि कुणालाही दाखवलं नाही. आज जागेवर मोजलंय. आणि तपासायला अशा माणसाला दिलंय, ज्याला ते चुकलेलं निघालं असतं तर बरं वाटलं असतं."

"कोण तो माणूस?"

लुसुंगु उभी राहिली. शाळेच्या गणवेशात. तिने नाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं. सरकारी वकील खाली बसला.

मी ते अकरा महिनेही सांगितले. म्सुकुमाने नको म्हटलं होतं. पण मी सांगितलं. न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला आणि मला म्हणाल्या, "याबद्दल मला तुमच्याशी वेगळं बोलावं लागेल. तुमच्या खात्याशीही." त्या वेगळं काय बोलल्या, ते इथे लिहीत नाही. उपमुख्याध्यापिकेची खुर्ची गेली. शिकवायचं ठेवलंय, निदान या वर्षाअखेरपर्यंत. याबद्दल तुझ्याकडे तक्रार नाही, फक्त माहिती.

दुपारी निकाल आला. वेगाचा पुरावा उरत नाही. शिक्षा रद्द.

आई बाहेर बाकावर बसली होती. मी सांगितलं, तर म्हणाली, "पुन्हा सांग." पुन्हा सांगितलं. उठली, माझा हात झटकला आणि एकटीच बसथांब्याकडे चालू लागली, तुझे कपडे आणायला. दहा पावलांवर थांबून म्हणाली, "चल की! मला एकटीला चढता येतं का बसमध्ये?"

एग्रिटा


सांगावे बंदर
२० जुलै २०१४

ताई,

मी मामाच्या मित्राकडे आहे. होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. गाडी चालवत नाही. आईला पैसे पाठवलेत, तिला सांग पोचले की नाही ते कुणाकडून तरी कळव.

तुझी सगळी पत्रं आत असताना उशाशी होती. बाहेर आल्यावर एकदम वाचली. एका दिवसात. मग दोन दिवस कुणाशी बोललो नाही. इथले लोक म्हणाले, तुरुंगातून आलेली माणसं अशीच असतात.

पहिल्या पत्रात तू विचारलंस ते सांगतो. तिसऱ्या गिअरमध्ये होता. सरळ घसरला. काटा पंचावन्नच्या जरा पुढे होता. हे मी पोलिसांना सांगितलं, वकिलाला सांगितलं, कोर्टाला सांगितलं. तू २०१२ मध्ये विचारलं असतंस, तर तुलाही सांगितलं असतं. तू सगळं मोजलंस. टायर मोजला, रस्ता मोजला. माझ्याकडे आली नाहीस. तुझं गणित चुकलं याचा मला राग नाही. मी कुठे शाळेत हुशार होतो, मला काय कळतं त्यातलं? पण 'गोमे, नक्की काय झालं रे?' एवढंसुद्धा तू मला विचारलं नाहीस. आणि ते अकरा महिने. त्याबद्दल मला काय वाटतं, ते मला अजून कळत नाही. कळलं की लिहीन. वाट बघू नकोस.

आता माझं एक काम आहे. तुझ्याशिवाय कुणाला सांगता येत नाही.

त्या वळणानंतर मी नेहमी चाळीसवर यायचो. पाटी साठची असली तरी. सगळे जुने ड्रायव्हर येतात, पुलाजवळ लोक रस्ता ओलांडतात म्हणून. त्या दिवशी बर्फ वितळत होता. फळ्यांमधून पाणी गळताना आरशात दिसत होतं. मला वाटलं, आजचा दिवस चालेल. मी ब्रेकवर पाय ठेवला आणि काढला. हे मी कुणाला सांगितलं नाही. कोर्टाने तेव्हाही विचारलं नाही, आत्ताही नाही.

मला एवढंच काढून दे. चाळीसवर असतो, तर काय झालं असतं?

खरं काय ते लिही. गोड करू नकोस. तू आता मला खोटं सांगणार नाहीस, असं मला वाटतं म्हणून विचारतोय.

गोमेझगानी


लुविरी
२७ जुलै २०१४

गोमे,

तुझं पत्र गुरुवारी आलं. हिशेब करायला दहा मिनिटं लागली. त्यानंतर तीन दिवस मी पुन्हा पुन्हा करत होते, वेगळं काही निघतंय का बघत.

मधेच एकदा मनात आलं की लिहावं, काही सांगता येत नाही. ते खोटंही नसतं. माणूस घाबरून मागे सरकतो, पुढे पळतो, कुणी सांगावं? असं एक वाक्य मी लिहिलंही. मग वाटलं, हे आणि 'सपाट मुरूम' एकाच हाताने लिहिलेलं आहे. खोडलं.

लुसुंगुला मी विचारणार नव्हते. तिच्यापुढे हा कागद ठेवायला मनच धजलं नसतं. तिची परीक्षा संपली, काल ती शाळेची पुस्तकं परत करायला घरी आली. मी आत चहा ठेवत होते. बाहेर आले, तर ती टेबलापाशी उभी. कागद उघडाच होता, मी झाकायला पुढे झाले.

"साडेसहा मीटर ना?" ती म्हणाली.

मी कागद तसाच सोडला. "तुला कसं माहीत?"

"ते मी फेब्रुवारीतच काढलं होतं. आधी तेच काढत होते मी, मॅडम. किती हळू आला असता तर बाबा वाचले असते, हे. त्यासाठी उतार धरावा लागला. उतार धरला आणि तुमचे अडुसष्ट जुळेनात. म्हणून तुमची चूक सापडली."

"म्हणजे तू माझ्याकडे आलीस, तेव्हा तुला हेही ठाऊक होतं? कोर्टात उभी राहिलीस, तेव्हाही?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"कुठे बोलायचं? पाटी साठची होती, ते साठच्या आत होते. चाळीसची पाटी कुणी लावलीच नव्हती." ती पुस्तकांची थप्पी सारखी करत राहिली, सारखीच होती ती. "आणि त्यांना मी विचारणार कोण, की हळू का नाही आलात?"

"तो स्वतःच विचारतोय," मी म्हटलं. "हे त्याने विचारलंय. तो चाळीसवर यायचा, त्या दिवशी आला नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. वर्गात ती कधी पाहत नसे, हे लिहिलं होतं ना? मग खाली बसली. चहा प्यायली, साखर घातली नव्हती तरी काही बोलली नाही. कप खाली ठेवून म्हणाली, "मग सांगा त्यांना. मला वाटायचं, हे एकट्या मलाच माहीत आहे."

जाताना तिने निरोप दिलाय, तो तिच्याच शब्दांत लिहिते. "त्यांना यायचं असेल तर येऊ दे. आई बोलणार नाही. पण मी घरी असेन."

आता तुझं उत्तर.

तू ताशी चाळीसने येत असतास, आणि त्याच जागी ब्रेक दाबला असतास, तर त्या उतारावर ट्रक साडेसतरा मीटर घसरून थांबला असता. सायकल चोविसाव्या मीटरला होती. मध्ये साडेसहा मीटर उरले असते. हरावांनी तुला दोन शिव्या घातल्या असत्या आणि ऊस घेऊन घरी गेले असते.

मी हे चार वेळा तपासलंय. सेहेचाळीसपर्यंतही ते वाचले असते. त्याच्या वर नाही. कायद्याने तुझा गुन्हा नव्हता, आणि तुला चार वर्षं द्यायचा हक्क कुणालाही नव्हता, मला तर नव्हताच. हे दोन्ही खरं आहे आणि एकाने दुसरं पुसलं जात नाही. तू विचारलंस, म्हणून मी लिहिलं.

हे पत्र टपालात टाकत नाही. असलं उत्तर तू एकट्याने वाचावंस, असं मला वाटत नाही, आणि मागच्या वेळी आकडा सांगताना माझी तुझ्याकडे पाठ होती. शुक्रवारच्या बसने निघतेय. आई येते म्हणाली, मी नको म्हटलं. हे पाकीट मी तुझ्या हातात देईन आणि इंजिनाशेजारी कुठेतरी बसेन. तुला ओरडायचं असेल तर ओरड, जा म्हणालास तर संध्याकाळच्या बसने परत जाईन. पण तोवर कितीही वेळ लागला, तरी मला आधी तुझ्या तोंडून ऐकायचंय, सुरुवातीपासून. वळण, बर्फ, आरसा, सगळं. मध्ये बोलणार नाही.

वाचून झालं असेल तर मान वर कर. मी इथेच बसलेय.

ताई